गूळ वाढला, त्याची हकीकत

श्री अन्नपूर्णा प्रसन्न.

स्वामींचे सेवेसी विज्ञापना ऐसीजे. हुजुरांनी आज्ञापत्र पाठवून पुसले की, अलीकडे रयत भरल्या बाजारास पाठ दाखवून घरबसल्या वाणसामान मागविते, हातातील यंत्रावर बोट ठेवते आणि गूळ-तांदूळ दारी येतात, तर हे काय खूळ, आळसाने करिते की स्वस्ताईस भुलते, त्याचा शोध करून लिहिणे. आज्ञेप्रमाणे शोध केला. शहाण्यांस पुसावे तर जितकी तोंडे तितक्या गोष्टी, म्हणोन शहाण्यांचा नाद सोडला आणि एकाच राज्याची हकीकत, जैसी कानी आली तैसी, तिखटमीठ बेताचे लावून लिहिली आहे. स्वामींनी चहा जवळ ठेवून सावकाश श्रवण करावी.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, एका नगरात चौथ्या मजल्यावर एक बळकट दुर्ग होता. दुर्गास जिना होता, लिफ्ट नव्हती. ती बसविण्याची मसलत सोसायटीचे दरबारी कैक वर्षे चालली होती आणि तळमजल्याचे सरदार दरसाल ती मोडून काढीत, कारण त्यांस काय, उंबरा ओलांडला की रस्ता. या दुर्गावर श्रीमंत द्वारकाबाईसाहेब राज्य करीत होत्या. यजमान त्र्यंबकराव हे स्वभावे गरीब, ताटावर बसल्यास प्रथम मान त्यांचा, परंतु शिक्का बाईसाहेबांचा. चिरंजीव नोकरीचे मोहिमेवर परमुलखी गुंतले होते, आणि सूनबाई निहारिका ह्या लखनौ प्रांतीच्या, मोठ्या गुणाच्या, लग्न ठरताच शिकवणी लावून मराठी शिकल्या, आणि 'ळ'चा उच्चार ऐसा साधला की पुणेकरांनीही कान टवकारावे. सासू-सुनेचे बरे होते, इतके की शेजारणींस करमेनासे जाहले.

आता बाईसाहेबांचा पराक्रम काय म्हणावा. दर आठवड्यास कापडी पिशवी घेऊन स्वारी खाली उतरे, नाक्यावरच्या शेठच्या दुकानी जाई, रवा चिमटीत धरून चोळून पाही, गुळाचा खडा जिभेवर ठेवून डोळे मिटी, आणि माल हलका असल्यास तेथल्या तेथे शेठच्या तोंडावर सांगे. शेठही वचकून असे. मग ऐसे जाहले की बाईसाहेबांचे दोन्ही गुडघे फितूर जाहले. तेल चोळले, शेक दिला, वैद्य जाहले, पट्टे बांधले, परंतु फितूर तो फितूरच, आणि खाली उतरणे बंद पडले. मग सरलष्कर म्हणोन त्र्यंबकरावांस रवाना करू लागले. त्यांनी बारीक रवा आणावयास जावे आणि शेठ 'एक नंबर माल' म्हणाला एवढ्यावर जाड रवा खांद्यावर टाकून विजयी मुद्रेने परत यावे. फोनवर सांगावे तर शेठने 'हो हो' म्हणावे आणि दुकानात जे खपत नाही ते धाडावे. एकदा बाईसाहेबांनी गूळ परत पाठविला, तेव्हा शेठ फोनवर हसून म्हणाला, "आजी, तुम्हाला आता काय करायचंय? सूनबाईंना चालतंय ना?" हा घाव गुडघ्यांहून खोल गेला. त्या दिवशी बाईसाहेब जेवल्या नाहीत, पोट बरे नाही म्हणाल्या.

त्यात त्र्यंबकरावांच्या भगिनी मथुराबाई ह्या बाईसाहेबांच्या वन्सं. द्वारका आणि मथुरा एका घरात, म्हणजे काय होणे ते स्वामींनी जाणावे. दिवाळीस मथुराबाई आल्या, त्याच जाड रव्याचा लाडू मुखी घातला, दात सांभाळीत खाली ठेवला आणि बोलल्या, "वहिनी, आता पुरे झालं. बाहेरून डबा लावा आणि स्वस्थ बसा." त्र्यंबकरावांनी छताकडे पाहिले. पुढे मथुराबाईंच्या नातीचे लग्न ठरले आणि केळवणाचा मान आजीच्या माहेरी, म्हणजे दुर्गावर आला. मथुराबाई म्हणाल्या की हॉटेलात करू, वहिनींना कशाला त्रास. बाईसाहेब म्हणाल्या की केळवण दुर्गावरच होईल, आणि सांज्याच्या पोळ्या होतील. आता ही सांज्याची पोळी म्हणजे मथुराबाईंच्या मातोश्रींच्या हातची ख्याती. ती विद्या त्यांनी सुनेस दिली, लेकीस काही साधली नाही, आणि ते शल्य मथुराबाईंस अद्याप होते. मग तह जाहला तो ऐसा: पोळी साधली तर उत्तम, बिघडली तर पुढील महिन्यापासून डबा लागेल, आणि बाईसाहेबांनी मुदपाकखान्याचा शिक्का खाली ठेवावा. बाईसाहेबांनी तह कबूल केला, आणि आत जाऊन देवापाशी बराच वेळ बसल्या.

तेव्हा सूनबाई पुढे होऊन म्हणाल्या की, आपण काळजी न करावी, सामान सर्व मी या यंत्रावरून मागवीन. बाईसाहेबांनी नाक मुरडले. चिमटीत धरल्यावाचून रवा कळतो काय, आणि चित्र पाहून गूळ घेणे म्हणजे पत्रिका पाहून स्वयंपाक करणे, ऐसे बोलल्या. परंतु इलाज नव्हता, रुकार दिला. मग रोज सकाळी बाईसाहेबांनी डबे उघडावे आणि आतून पुकारावे, "निहारिका, रवा वाढला गं." दुसरे दिवशी, "गूळ वाढला." तिसरे दिवशी, "तूपही वाढलं बघ." सूनबाईंनी 'हो आई' म्हणावे आणि मोठ्या आदराने ते ते जिन्नस मागणीतून वगळावे.

येथे परमुलखीच्या वाचकांकरिता खुलासा लिहिणे प्राप्त आहे. या मुलुखी रीत ऐसी की, निघणाराने 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे. बांगडी फुटली म्हणू नये, वाढली म्हणावे. आणि स्वयंपाकघरात तर 'संपले' हा शब्द उच्चारूच नये, कारण अन्नपूर्णा ऐकत असते आणि तथास्तु म्हणते. जिन्नस सरला, डबा तळाशी गेला, तरी 'वाढला' म्हणावे. ही रीत शिकवणीच्या पुस्तकात कोठून असणार? तेथे वाढणे म्हणजे अधिक होणे, ऐसे स्वच्छ छापिले होते. सूनबाईंस वाटे, काय हा बरकतीचा हात, रोज स्वयंपाक होतो आणि रोज काही ना काही वाढते. रात्री फोनवर नवऱ्यासही सांगत की आईंच्या हाताला लक्ष्मी आहे. तो कामाच्या गडबडीत 'हो ना' म्हणे. ऐसा हा गोड कारभार केळवणाच्या दिवसापर्यंत चालला.

केळवणाचे दिवशी प्रातःकाळी बाईसाहेब स्नान करून, पदर खोचून, मुदपाकखान्यात उभ्या राहिल्या आणि रव्याचा डबा ओढला. डबा हलका आला. गुळाचे भांडे पाहिले तो तळाशी चिकट डाग मात्र. तुपाची बरणी आडवी केली, काही येईना.

"अगं, रवा कुठे ठेवलास? गूळ कुठाय?"

"मागवलाच नाही, आई. तुम्हीच म्हणत होतात ना, वाढलाय म्हणून."

"मग? वाढलाय म्हणूनच तर रोज सांगत होते."

"वाढलाय म्हणजे... जास्त झालाय ना?"

दोघी एकमेकींकडे पाहात राहिल्या आणि मध्ये रिकामा डबा. त्र्यंबकरावांनी प्रसंग ओळखून टोपी चढविली, पिशवी उचलली आणि आयुष्यात प्रथमच न सांगता कूच केले. परंतु शेठ भाच्याच्या लग्नास गावी गेला होता, दुकानास कुलूप होते. परतताना तिसऱ्या मजल्यावर पायरीवर बसून त्यांनी श्वास घेतला, आणि वर येऊन नुसती मान हलविली. तोच फोन वाजला की मथुराबाईंची स्वारी निघाली, नातीसह. सूनबाईंच्या डोळ्यांस पाणी आले, म्हणाल्या की सर्व माझ्यामुळे घडले, परंतु अद्याप वेळ गेली नाही, आता मागविले तरी पाव घटकेत येते. "तुम्ही फक्त एकदा नीट सांगा आई, काय काय संपलंय."

बाईसाहेबांनी कानांवर हात ठेविले. म्हणाल्या, "हा शब्द या घरात माझ्या सासूबाईंनी कधी काढला नाही, मी काढला नाही. आज शुभकार्याच्या दिवशी काढू?" राज्य जावयाची वेळ आली, तरी रीत सोडवेना. त्र्यंबकराव हळूच म्हणाले की अगं एकदाच म्हण, देवी समजून घेईल. त्यावर बाईसाहेबांनी ऐसे पाहिले की ते बाहेरच्या खोलीत फुलदाणी सारखी करावयास गेले. सूनबाईंनी क्षणभर विचार केला, डोळे पुसले आणि यंत्र सासूबाईंच्या हाती दिले. "मग म्हणूच नका. तुम्हीच बघा."

बाईसाहेबांनी चष्मा लाविला. सूनबाईंनी सरावाकरिता यंत्राची भाषा मराठी करून ठेविली होती. पाहतात तो रव्याच्या पिशवीचे चित्र, आणि त्याखाली हिरव्या चौकटीत एकच शब्द लिहिलेला: 'वाढवा'. बाईसाहेबांनी दोनदा वाचला.

"हे काय लिहिलंय गं?"

"जे हवं ते वाढवायचं, आई. तिथे बोट ठेवायचं."

"म्हणजे यांना रीत ठाऊक आहे," बाईसाहेब म्हणाल्या, आणि बोट ठेविले.

मग काय विचारता. रणमर्दिनीने शस्त्र धरावे तैसे यंत्र धरिले. रवा पाहिला, त्यात जाड, बारीक, इडलीचा, भाजलेला, सर्व निवडून बारीक काढिला. चित्र बोटांनी ताणून मोठे केले आणि खाली दिलेली पिशवीची तारीख वाचली. शेठने इतक्या वर्षांत कधी गोणीची तारीख दाखविली नव्हती. जुना दिसला तो मागे सारला, ताजा घेतला. गुळात चिक्कीचा गूळ समोर आला, त्यास हात न लाविता पुढे गेल्या, कारण त्याने पोळी कडक होते हे सांगावयास शेठची गरज नव्हती. तूप, वेलदोडे, सर्व आपले आपण घेतले. कोणी घाई केली नाही, मागे गिऱ्हाईक उभे आहे म्हटले नाही, आणि आजी, तुम्हाला काय करायचंय, ऐसे तर कोणीच म्हटले नाही. जे काम गुडघ्यांनी सोडिले होते ते बोटाने केले. बाईसाहेबांचा चेहरा उजळला, पाठ ताठ जाहली, आणि बाहेर फुलदाणीपाशी उभ्या त्र्यंबकरावांस वाटले की ही पूर्वीची द्वारका आली.

चहा निवावयाचे आत स्वार खाली घोडे लावून चार मजले चढून आला आणि पिशवी दारी देऊन गेला. बाईसाहेबांनी पिशवी फोडली, रवा चिमटीत धरला, चोळला आणि मान डोलावली. गुळावर बत्ता मारिला तो खण्‌कन वाजला, मऊ मागविला असून चिक्कीचाच निघाला. शेठकडचा असता तर भिडेखातर ठेवून घेणे भाग होते. येथे सूनबाईंनी एका बोटाने परत केला, कोणी हुज्जत घातली नाही, आणि दुसरा मऊ गूळ पाठोपाठ हजर जाहला. मग सासूने सांजा शिजविला, सुनेने कणीक तिंबली, एकीने लाटली, एकीने भाजली, तुपाचा वास जिन्याने उतरून तळमजल्याच्या सरदारांपर्यंत गेला आणि त्यांस लिफ्टविरुद्ध मत दिल्याचा किंचित पश्चात्ताप जाहला म्हणतात.

मथुराबाई आल्या त्या चौथ्या मजल्यापर्यंत चढता चढता अर्ध्या तेथेच हरल्या होत्या. पाणी प्याल्या, नातीस पाटावर बसविले, ओवाळणे जाहले, पाने वाढली. मथुराबाईंनी पोळी उचलली, उलटली, उजेडाकडे धरून सांजा काठापर्यंत गेला आहे की नाही ते पाहिले. गेला होता. घास मोडिला, सहज मोडिला. चावला. त्र्यंबकरावांचा हात आमटीच्या वाटीतच राहिला. मथुराबाईंनी पोळी पुरी केली, आणि मग ताट पुढे सरकवून हळू आवाजात म्हणाल्या, "वहिनी, आईची आठवण झाली हो." इतकेच. डब्याची गोष्ट त्या दिवशी निघाली नाही आणि पुढेही कोणी काढली नाही. बाईसाहेबांनी दुसरी वाढली, तिसरी वाढली, नातीने खाल्ल्या, त्र्यंबकरावांनी तर मर्यादा सोडिली.

मग मथुराबाईंनी पुन्हा ताट पुढे केले. "आहे का एखादी?" बाईसाहेबांनी आत पाहिले. सर्वांनी आत पाहिले. निहारिका रिकामी परात घेऊन दारात उभी होती. बाईसाहेबांनी मनात म्हटले, आता ही पोर तो शब्द काढणार, आणि मथुराबाईंस बोलावयास जागा होणार. निहारिकेने परात पदराआड केली आणि स्वच्छ 'ळ' उच्चारून म्हणाली,

"आत्याबाई, पोळ्या वाढल्या."

मथुराबाईंनी हात जोडून मुदपाकखान्याकडे नमस्कार केला. म्हणाल्या, "आईच बोलली बाई." आणि द्वारकाबाईसाहेब? त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून सुनेच्या कमरेस खोविला, चष्मा लाविला, यंत्र मागून घेतले, आणि सर्वांसमक्ष रव्यावर बोट ठेवून 'वाढवा' केले. तिसऱ्या प्रहरापर्यंत पुन्हा पोळ्या चालल्या होत्या.

तात्पर्य स्वामींस कळावे ऐसे की, लोक घरबसल्या वाण मागवितात ते आळसाने नव्हे, आणि स्वस्ताईचे म्हणाल तर आधेलीही वाचत नाही. जिना सुटला तरी निवड सुटू नये, आणि निवडताना कोणी वय काढू नये, एवढ्यासाठी मागवितात. त्या बाजारात खोड एकच: जिन्नस सरला की तांबड्या अक्षरात 'संपले' लिहितात. त्यावर बाईसाहेबांनी सुनेकडून खलिता धाडिला आहे की शुभ लिहीत जावे. 'सूचना नोंदविली' ऐसे उत्तर आले, अंमल अद्याप नाही, बाईसाहेब पाठपुराव्यास आहेत आणि त्यांचा पाठपुरावा ज्यांनी पाहिला ते कंपनीची कीव करितात. हकीकत येथवर. सेवकाचा कागद वाढला, शाई वाढली. आता येतो.