उमेदवार क्रमांक तीन

गास्पार व्हेर्दिये पडद्यामागच्या खुर्चीत बसला, तो केवळ ती कुरकुरते का हे पाहायला. ओसेर शहराच्या वाद्यवृंदात व्हायोलिनची एक जागा भरायची होती. वादक दिसला की ओळखपाळख आड येते, म्हणून मध्ये काळा पडदा. टाचांच्या आवाजावरून बाई की बाप्या कळू नये, म्हणून खाली गालिचा. ही शिस्त प्रमुख वादक या नात्याने गास्पारनेच लावलेली. पडद्यामागून ब्र निघाला की उमेदवार बाद, हा नियमही त्याचाच.

परीक्षक जेवायला गेले होते, म्हणजे जेवणानंतरचं चीज आणि कॉफी होईपर्यंत निश्चिंती. खुर्ची ठीक निघाली. पडद्यात आवाज दबतो का तेही पाहावं, म्हणून त्याने आपलं व्हायोलिन काढलं आणि परीक्षेचीच रचना धरली. ती संपते न संपते तोच पलीकडे घंटी वाजली.

"धन्यवाद, क्रमांक तीन!" परीक्षक मादाम ब्लाँदीनचा आवाज.

मंडळी आज जेवणावरून लवकर उठली होती! "अगं, मी आहे," म्हणायला त्याने तोंड उघडलं, पण नियम आठवला आणि मिटलं. मागच्या दाराने तो गुपचूप बाहेर पडला. बोळात खरी क्रमांक तीन बसली होती. एक मुलगी, बूट काढून ठेवलेले, ओठ पांढरे पडलेले.

तो वळसा घालून दालनात आला.

"कुठे होतास रे? तिसरा हुकला तुझा," ब्लाँदीन म्हणाली.

"हुकला ते बरंच झालं," ओबो नावाची सनई वाजवणारा दुसरा परीक्षक सिप्रियाँ म्हणाला. "तुझी नक्कल करत होता बिचारा."

"माझी?"

"हुबेहूब! गज टेकवण्याआधी तोच सुस्कारा, शेवटच्या स्वराला तीच लांबण. पण गास्पार कुठे आणि हा कुठे! पाठ झालेली प्रार्थना पुटपुटावी, तसं. आत देव नाही."

"आम्ही बाद केलाय. तुझं मत?" ब्लाँदीनने विचारलं.

तरुणपणी गास्पारला पॅरिसात पहिलं बक्षीस मिळालं, पुढे देशोदेशी मैफली झाल्या. टाळ्या रोजच्या झाल्या, तसा सकाळचा स्वरांचा नेम कधी सुटला ते त्यालाच कळलं नव्हतं. आता नुसतं 'बाद' म्हणायचं. कुणाला काही कळणार नव्हतं. पण त्याच्याबरोबर बाहेरची ती पोरही बाद होणार होती.

"तो मी होतो," गास्पार म्हणाला.

सिप्रियाँ खाकरला. "तरीच! आता आठवतंय ना, खोली होती हं त्यात."

"संयम! मला संयमच म्हणायचं होतं," ब्लाँदीन घाईने म्हणाली.

"राहू द्या रे. पडदा होता म्हणून तरी खरं बोललात," गास्पार हसला. "खरी क्रमांक तीन बाहेर बसलीय, तिला बोलवा."

मुलगी दुसऱ्याच ओळीत अडखळली. मग अशी वाजवू लागली, की ब्लाँदीनने हातातली पेन्सिल खाली ठेवली. "घ्या तिला," असं सगळ्यांत आधी गास्पारच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीपाशी उभा राहून पहिल्या धड्याचे स्वर सावकाश घोटत होता. स्वयंपाकघरातून बायकोने, ओर्तांसने, विचारलं, "शिकवण्या कधीपासून सुरू केल्यास? कुणाचं पोर आलंय?"

"नवीनच आहे."

"हात फार जड आहे रे त्याचा."

"रोज येईन म्हणतोय," गास्पार म्हणाला, आणि त्याने पुन्हा पहिल्या स्वरापासून सुरुवात केली.