जवाहरअण्णांचा रिकामा मिक्सर

पलूसच्या चौकात लालासाहेबांचा फ्लेक्स लागला आणि जवाहरअण्णांनी भर रस्त्यात स्कूटर थांबवली. फ्लेक्सवर लालासाहेब काळा गॉगल लावून हसत होते. खाली लिहिलं होतं, ‘संध्याकाळची वीज वाचवणारे आदर्श ग्राहक, माजी सुभेदार लालासाहेब यांचे हार्दिक अभिनंदन!’ मागून ट्रॅक्टरवाला हॉर्न बडवत होता, पण अण्णांचे डोळे काही त्या गॉगलवरून हलेनात.

अण्णा जळले. स्पष्टच सांगायचं तर पार कोळसा झाले. लालासाहेब त्यांचे भिंतीला भिंत लागून शेजारी. दिवस मावळला की त्यांच्याकडे कूलर, गिझर, घरगुती चक्की आणि पाण्याची मोटर एकदम सुरू व्हायची. उलट अण्णांचं घर कडक जैन. कांदा-लसूण वर्ज्य. सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची, भांडी पालथी पडायची आणि दिव्यावर किडे येऊन मरू नयेत म्हणून दिवासुद्धा लवकर मालवायचा. हे पणजोबांपासून चालत आलेलं. आणि आदर्श ग्राहक कोण, तर लालासाहेब!

“अण्णा, फोटो बघितलासा का?” लालासाहेबांनी कुंपणावरून विचारलं.

“बघितला. गॉगल बरा हाय.”

“आवं, आपलं काय न्हाई. मेसेज आला, सात ते नऊ वापर कमी करा. ऑर्डर म्हंजे ऑर्डर! चक्की, गिझर, समदं दुपारवर टाकलं.”

अण्णा तडक वीज कार्यालयात गेले. योजनेचं काम पाहणाऱ्या संयोगिता मॅडमनी त्यांना खुर्ची दिली आणि शांतपणे समजावलं. दिवसा सौर वीज भरपूर असते. ऊन उतरलं की ती बंद होते आणि नेमकी तेव्हाच सगळं गाव बटणं दाबतं. म्हणून संध्याकाळचा वापर ज्याने जास्त कमी केला, त्याचा सत्कार.

“पर आमचा वापर मुळातच न्हाई की!”

“तीच अडचण आहे अण्णा. आम्ही मागच्या महिन्याशी तुलना करतो. तुमचं कमी व्हायला काही उरलंच नाही.”

“म्हंजे ज्यानं उधळलं त्येला हार, आनि आमाला काय?”

“तुमचं खरंच कौतुक आहे,” मॅडम मनापासून म्हणाल्या. पण नुसत्या कौतुकाचा फ्लेक्स लागत नाही. “पुढच्या फेरीला तुलनेसाठी हा महिना धरणार आहोत,” असं त्या सहज बोलून गेल्या आणि अण्णा उठले ते वेगळेच होऊन.

त्या संध्याकाळी सातच्या ठोक्याला त्यांनी गिझर लावला, इस्त्री तापत ठेवली, विजेच्या शेगडीवर नुसतं पाणी चढवलं. धर्म कुठेही मोडायचा नव्हता. रात्री रांधायचं नाही, दळायचं नाही, दिवा लावायचा नाही. फक्त वीज जाळायची. शेवटी अंधारात चाचपडत त्यांनी मिक्सर लावला. भांड्यात काहीच नसल्यामुळे तो नेहमीपेक्षा जास्त किंचाळला.

“आवं, रिकामा मिक्सर कशाला फिरवालाय?” गुणमालावहिनी धावत आल्या.

“वापर वाढाय पायजे. म्होरल्या महिन्यात कमी करतो.”

“मग आत्ताच कमी हाय न्हवं?”

“तुला त्यातलं कळत न्हाई.”

वहिनींना कळलं होतं. नवरा कुणावर जळतोय हे बायकोला सांगावं लागत नाही. मिक्सर तसा फारशी वीज खात नव्हता, पण त्याच्या आवाजानं अण्णांना काहीतरी केल्यासारखं वाटायचं. त्यामुळे महिनाभर बंद खिडक्यांआड तो रोज गरगरत राहिला.

मागच्या घरात सुंदराक्का राहायच्या. बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पूजेला कोण येतं, कोणाचं व्रत कुठवर आलं, याची सगळी खबर त्यांच्याकडे. एका सकाळी बस्तीच्या पायरीवरच त्यांनी वहिनींना गाठलं.

“गुणमाला, दिवस बुडाल्यावर चटणी वाटतीस काय गं?”

“न्हाई अक्का. मिक्सर रिकामा असतोय.”

“रिकामा मिक्सर कोण फिरवतंय गं?”

वहिनी पायरीवरूनच माघारी फिरल्या. घरी येऊन त्यांनी अण्णांना धारेवर धरलं. “त्या गॉगलपायी माझं नाव घालवलासा!”

“थोडं सोस. फोटो लागू दे, मग समदी गप बसत्यात.”

पुढच्या महिन्यात अण्णांनी सगळं एकदम बंद केलं. घर पूर्वीसारखं शांत झालं. लालासाहेबांचा वापर आधीच खाली आलेला, त्यांना आणखी कमी करायला जागाच नव्हती. अण्णांनी पहिला नंबर पटकावला आणि चौकात त्यांचा फ्लेक्स चढला. पांढरी टोपी, कपाळाला गंध. अण्णा लालासाहेबांना मुद्दाम हाताला धरून घेऊन आले.

“बघा, नीट वाचा.”

लालासाहेबांनी वाचलं. फोटोशेजारी दोन खांब काढले होते. ‘आधी’ लिहिलेला लालभडक खांब अण्णांच्या टोपीच्या वर गेला होता. ‘आता’ लिहिलेला हिरवा खांब बोटभर होता. वर ठळक अक्षरं, ‘सायंकाळी सात ते नऊ’.

“आयला, अण्णा! रातचं एवढं काय शिजवत हुतासा?” लालासाहेबांचा चेहराच पडला. “माझा वापर तर येच्या निम्मा बी नव्हता.”

अण्णांना तो लाल खांब आत्ता कुठे दिसला. एवढ्यात चौकाशेजारच्या बस्तीतून बायका बाहेर पडल्या. सुंदराक्का सगळ्यांत पुढे, मागे गुणमालावहिनी. त्यांनी चष्मा सावरून तळापासून टोकापर्यंत खांब पाहिला.

“जवाहर, खरं सांग. ही काय भानगड?”

अख्खा चौक थांबला. लालासाहेब तर जागचे हलेनात. अण्णांनी एकदा अक्कांकडे पाहिलं, एकदा लालासाहेबांकडे. खरं सांगितलं तर व्रताला डाग लागत नव्हता. पण मग या गॉगलवाल्याच्या फोटोवर जळून आपण महिनाभर अंधारात रिकामा मिक्सर फिरवला, हे त्याच्यासमोरच कबूल करावं लागणार होतं. गुणमालावहिनी पदर तोंडाला लावून वाट बघत होत्या.

अण्णांनी हात जोडले.

“चुकलं अक्का. रातची चटणी खाल्ली.”

“रोज?”

“रोज.”

“कसली?”

“शेंगदाण्याची.”

“आनि लसूण?”

“लसूण न्हवता अक्का!” अण्णा कळवळून ओरडले. “देवाशप्पत, लसूण न्हवता!”