दादारावांचा हुकलेला बाप्तिस्मा

दादारावांनी पुन्हा दार उघडलं, तेव्हा मुलानं कपाळाला हात लावला. येशूचा संदेश सांगत घरोघर फिरणाऱ्यांना जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये लोक दारातूनच वाटेला लावतात. दादाराव त्यांना सोफ्यावर बसवत आणि त्यांच्या पत्नी गयाबाई चहा टाकत. नांदेडला जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला इथं आल्यापासून वाद घालायला कुणी मिळालं नव्हतं. शेजारी 'हालो' म्हणून जिना उतरायचे. मुलगा यशपाल आणि सून मैत्री दोघंही संशोधनात बुडालेली. योनास नावाचा हा प्रचारक पोरगा मात्र तासन्‌तास ऐकून घ्यायचा.

"बाबा, ते लोक चिकटले की सोडत नाहीत," यशपाल म्हणाला. "उद्यापासून दार उघडायचं नाही."

"आपल्या घराण्यात धर्म एकदाच बदलला, तोही पटल्यावर. तो काय कपभर चहानं वाहून जातोय? मी उघडणार."

योनास लवकरच रशियाच्या शेजारच्या जॉर्जिया देशात प्रचाराला जाणार होता. तिथले लोक शतकानुशतकं ऑर्थोडॉक्स या जुन्या पंथाचे ख्रिस्ती, त्यांना म्हणे खरा येशू समजवायचा होता. ख्रिस्ती माणसाला ख्रिस्ती करायला निघालेत हे ऐकून दादारावांना चेवच चढला. त्यांनी प्रश्नांचा भडिमार केला. एवढं विचारणारा माणूस देवासाठी तहानलेलाच असणार, अशी योनासची खात्री पटली. रविवारी प्रार्थनेला या, चार शब्द बोला, असं आमंत्रण त्यानं दिलं.

चार शब्द बोला म्हटलं की मराठी माणूस स्वतःला प्रमुख पाहुणा समजतो. वंदनेला आणि समारंभाला बौद्ध माणसानं पांढऱ्यातच जावं, या रिवाजानं दादारावांनी पांढरा सदरा-पायजमा इस्त्री करून घेतला, गयाबाईंनी पांढरी साडी काढली. यशपाल काळजीपोटी बरोबर निघाला.

दादारावांना पाहताच सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. एका बाईंना तर रडू फुटलं. दादाराव हात जोडत मंचावर गेले, तर पुढ्यात पाण्यानं काठोकाठ भरलेला हौद आणि शेजारी टॉवेल घेतलेला योनास. आज इथं बाप्तिस्मा आहे, पाण्यात बुडवून ख्रिस्ती करतात आणि त्याला पांढरेच कपडे घालतात, असं यशपालनं धावत येऊन कानात सांगितलं आणि घरी चलण्याची गयावया केली.

दादाराव हौदापासून दोन पावलं मागे सरले. पण आता पळालो तर मुलाचंच खरं ठरेल आणि आपलं दार कायमचं बंद होईल, हे त्यांना कळत होतं. त्यांनी माइक ओढला आणि आपल्या मास्तरी इंग्रजीत सुरुवात केली.

"मी भिजायला नाही, बोलायला आलोय. माझ्या वडिलांनी धर्म बदलला तो स्वतः विचार करून, कुणी दारावर आलं म्हणून नाही. जॉर्जियात जाल तेव्हा आधी त्यांचं ऐका. नको म्हणाले, तर उठा."

हे चार शब्द गयाबाईंनी "अहो, आवरा आता" म्हणेपर्यंत चालले. कुणी टाळी वाजवली नाही.

त्यानंतर बेल वाजेनाशी झाली. दादाराव दाराकडे तोंड करून बसत आणि चहा निवून जाई. बापाचं ते बसणं यशपालला बघवत नव्हतं. म्हणून एके दिवशी बेल वाजली तेव्हा दार त्यानंच उघडलं.

दारात योनास आणि त्याचे पाद्री होते. जॉर्जियाला जाणाऱ्यांचा दारोदार बोलण्याचा सराव चालू आहे, पाद्री म्हणाले, पण आमच्यातलाच कुणी घरमालक बनला की लगेच हो म्हणतो. दर शनिवारी दादारावसाहेब येतील का, जॉर्जियन घरमालक म्हणून? पोरांना नकार ऐकायची सवय हवी.

दादारावांनी मुलाकडे पाहिलं. यशपालनं त्यांचा कोट आणून दिला.

पहिल्याच शनिवारी दादारावांनी झाडून सगळ्यांच्या तोंडावर दार लावलं. योनासच्या तर दोनदा.