गरम अंड्याची घनता

"घनता म्हणजे काय, हे अख्ख्या अंबरनाथात माझ्याइतकं कुणाला कळत नाही!" बदलापूर सोडल्यापासून हरिचंद्रराव हे चौथ्यांदा म्हणाले, तेव्हा रिक्षावाल्याने आरसा दुसरीकडे वळवला. शेजारी बसलेल्या चंद्रीताईंना आरसा नव्हता, म्हणून त्यांनी पदर कानावर ओढून घेतला. बायको होत्या, सवय होती.

हरिचंद्ररावांचंही चुकत नव्हतं म्हणा. आनंदनगरच्या एका केमिकल कंपनीत या माणसाने एकतीस वर्षं द्रवात काचेची नळी तरंगत सोडून आकडे वाचले होते. मॅनेजरसुद्धा विचारायचा, "हरिचंद्र, पाठवू का माल?" मार्चमध्ये निवृत्त झाले आणि घरात "चहा घेणार का?" यापलीकडे कुणी काही विचारीनासं झालं. तेही कप समोर ठेवून झाल्यावर! तेव्हा आता मेहुण्याच्या घरी, बारवी धरणामागच्या पाड्यावर, एकदा तरी चार माणसांनी आपलं ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

संधी दारातच उभी होती. मेहुणा भीमा पेरणीआधी भाताचं बियाणं मिठाच्या पाण्यात घालणार होता.

"अंडा तरंगेपर्यंत मीठ घालायचा, दाजी. मग भात ओतायचा. पोचट वर, भरलेला खाली."

"पण अंडं तरंगतं का?"

"मीठ घातला म्हणून."

"चूक! मिठाने पाण्याची घनता वाढते! तेवढ्याच जागेत जास्त वजन! अंडं त्याच्यापुढे हलकं पडतं, म्हणून वर येतं. आण अंडं!"

अंडी कुठे असतात ते भीमाच्या बायकोला, बनूबाईला ठाऊक, आणि ती गेली होती शेतावर. हरिचंद्रराव स्वतःच मोहिमेवर निघाले. पडवीच्या कोपऱ्यात पाटीमध्ये एक कोंबडी बढती मिळालेल्या हेडक्लार्कसारखी फुगून बसली होती. त्यांनी तिच्या पोटाखाली हात घातला, मनगटावर तीन चोची खाल्ल्या आणि विजयी मुद्रेने परतले.

"एकदम ताजं! अजून गरम आहे!"

घमेल्यात विहिरीचं पाणी ओतलं. शेजारचा जनू आणि आणखी पाच-सात माणसं जमली होती.

"आता बघा. नुसत्या पाण्यात हे बुडणार!"

अंडं सोडलं. ते बुडालं नाही. पडायला हवा होता आणि निवडून आला, अशा उमेदवारासारखं टेचात वर राहिलं!

"मीठ कुणी घातलं?"

"पुडा फोडलाच नाय, दाजी."

हरिचंद्ररावांचा चेहरा उतरला आणि लगेच उजळला. "म्हणजे पाण्यातच काहीतरी मुरलंय! भीमा, विहीर बंद!"

भीमाने ओंजळभर पिऊन पाहिलं. "गोड हाय की."

"घनतेला चव नसते!"

पाड्याला विहीर एकच. अर्ध्या तासात बायकांनी भरलेले अकरा हंडे अंगणात उपडे केले. जनूच्या म्हातारीला सकाळपासून पोट जड वाटतंय, हे आत्ता आठवलं. एकाने टँकरला फोन लावला. हरिचंद्रराव खाटेवर उभे राहून सूचना देत होते आणि माणसं चक्क ऐकत होती! आयुष्यात इतकं बरं त्यांना निवृत्तीच्या सत्कारातही वाटलं नव्हतं.

जनूला मात्र शंका आली. त्याने दुकानातली पाण्याची सीलबंद बाटली आणून एका पातेल्यात ओतली. अंडं तिथेही तरंगलं.

"बघा!" हरिचंद्रराव गरजले. "बाटलीतलंसुद्धा बिघडलंय!"

"दाजी," भीमा चाचरत म्हणाला, "अंड्यातच काय बिघाड असेल तर?"

"शक्यच नाही! मी घेतलं तेव्हा गरम होतं!"

नेमकी त्याच वेळी बनूबाई दारात आली. "गरम? खालून घेतलात काय? माझ्या खुडूक कोंबडीच्या?"

पातेल्यातलं अंडं स्वतःहून डुललं. त्याच्या आतून बारीक आवाज आला, "चिव."

जनूने वाकून पातेल्याला कान लावला.

"एकोणीस दिस झालं तिला अंड्यांवर बसून!" बनूबाईने अंडं झटकन उचलून पदरात गुंडाळलं. "पिल्लू वाढतंय तसा आतला पानी आटतंय, हवा भरतेय. अंडा तेवढाच, वजन कमी. मग तरंगेल नाय तर काय करेल? आम्ही तर मुद्दाम पान्यात सोडून बघतो. डुलला तर पिल्लू जिता हाय समजायचा."

आकार तेवढाच, वजन कमी! हरिचंद्ररावांनी मान खाली घातली. एकतीस वर्षांत घनता इतक्या थोडक्यात त्यांनाही कधी सांगता आली नव्हती. बायका उपडे हंडे उचलून मुकाट्याने विहिरीकडे निघाल्या. मुकाट्याने म्हणजे, ऐकू येईल एवढंच बोलत.

"कोंबडी बिथरलीय, याला आता घेत नाय," बनूबाईने निकाल दिला. "काढलात तुम्ही, बसा आता तुम्हीच!"

दोन दिवस हरिचंद्रराव चुलीपाशी टॉवेलात अंडं घेऊन बसले. बियाणं निवडायचं काम दुसऱ्या अंड्यावर, त्यांना न विचारता, पार पडलं. तिसऱ्या दिवशी कवच तडकलं. पिल्लाने डोळे उघडले आणि समोर पहिला दिसला तो हरिचंद्ररावांचा चष्मा!

निघायच्या दिवशी भीमाने त्यांची पिशवी काढून घेतली. "ऱ्हावा की आठवडाभर, दाजी."

हरिचंद्ररावांची छाती फुगली. "का रे? अजून काही तपासायचंय?"

"नाय. पिल्लू दुसऱ्या कुनाचा ऐकत नाय."