छातीचं दुखणं कंबरेवर

शुक्रवारी सकाळी सहा वाजता शैलेंद्र गुर्जर स्वतःच्याच घरातून चोरासारखा बाहेर पडला, तेव्हा त्याच्या एका हातात सायकल होती आणि दुसऱ्या हातात बूट. बूट हातात घ्यायचं कारण असं, की त्यांच्या तळाला पेडलमध्ये अडकायच्या लोखंडी खिट्ट्या होत्या आणि त्या फरशीवर वाजल्या असत्या तर सुनीता जागी झाली असती. सुनीताला जागं करायला एरवी मिक्सर लागत नाही, नवऱ्याने मनात काही आणलं तरी पुरतं. पण त्या दिवशी ती गाढ झोपली होती. एखाद्याला खड्ड्यात घालायचं ठरलं, की नशीब आधी रस्ता गुळगुळीत करून देतं.

खरं तर सायकल चालवायला त्याला डॉक्टरांची परवानगी होती. परवानगी कसली, हुकूमच होता. मे महिन्यात वार्षिक सुट्टीवर पुण्याला गेलेला असताना पर्वतीच्या निम्म्या पायऱ्यांवर त्याला दरदरून घाम फुटला आणि आठवड्याच्या आत छाती उघडून तीन ठिकाणी बायपास करावी लागली. शस्त्रक्रिया उत्तम झाली. घोळ झाला तो नंतर, रजा वाढवून मागताना.

शैलेंद्र बहरीनमधल्या हिद्दच्या एका कारखान्यात सेफ्टी मॅनेजर होता. त्याचा करार दर दोन वर्षांनी नवा व्हायचा आणि यंदाचा डिसेंबरअखेर संपत होता. करार गेला की व्हिसा गेला, आणि व्हिसा गेला की तिघांनी गाशा गुंडाळायचा. मुलगी कश्मिरा बारावीला, तिची बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. म्हणजे डिसेंबरात करार टिकला पाहिजे, एवढं एकच साकडं त्या घराने देवाला घातलेलं होतं. "तुमचं हृदय तुमचं एकट्याचं नाही," असं सुनीताने त्याला हॉस्पिटलच्या खाटेवरच सुनावलं होतं. "आमच्या दोघींचे व्हिसा त्याच्यावर छापलेत."

अशा वेळी बहरीनहून विवेकचा फोन आला. विवेक हा मराठी मंडळाचा माजी अध्यक्ष, बेटावर बावीस वर्षं काढलेला. त्याला सल्ला विचारावा लागत नाही, तो देतो. तब्येतीची चौकशी त्याने दोन वाक्यांत उरकली आणि कंपनीला काय कळवलंत ते विचारलं. अजून काही कळवलेलं नाही म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं.

"हार्ट सांगितलंत की खलास," विवेक म्हणाला. "रिन्यूअलच्या तोंडावर हार्ट म्हणजे तिकीट हातात. कंबर सांगा. कंबरेपायी कोणाला घरी पाठवलेलं मी बावीस वर्षांत बघितलेलं नाही."

सुनीताचा मावसभाऊ सांगलीला हाडांचा डॉक्टर. त्याने आधी आढेवेढे घेतले, मग बहिणीचा रडका आवाज ऐकून सर्टिफिकेट लिहून दिलं. स्लिप डिस्क, सक्त विश्रांती, आठ आठवडे. खाली सही, शिक्का, तारीख. शैलेंद्रने ते कंपनीला पाठवलं आणि उलट टपाली एचआरचं उत्तर आलं, काळजी घ्या, कंबर सांभाळा.

जुलैअखेर तो कामावर रुजू झाला आणि मग त्याला कळलं, की एक दुखणं सोसणं सोपं असतं, एक सोसून दुसरं दाखवणं महाकठीण. शिंक आली की कळ यायची छातीत, पण हात न्यावा लागायचा कंबरेवर. जिन्यावर धाप लागली की थांबून पाठ चोळायची. कंपनीने प्रेमाने खास खुर्ची मागवून दिली, तिच्यात तो इतका मागे रेलायचा की छातीचे टाके ताणले जायचे. बहरीनच्या ऑगस्टमध्ये, जिथे अंगावर साधा बनियन नकोसा होतो, तिथे हा माणूस सदऱ्याखाली कंबरेचा रुंद पट्टा आवळून बसायचा. एचआरमधल्या अन्सारने तर राजापूरच्या एका वैद्याचं तेल मागवून दिलं. अन्सार मनाने लोण्यासारखा. दर दोन दिवसांनी केबिनमध्ये डोकावून विचारायचा, फरक पडला का. शैलेंद्र म्हणायचा, पडला. आणि घरी येऊन ते तेल कोपराला चोळायचा, कारण उगाच वाया का घालवा.

नोव्हेंबर लागला, हवा सुखाची झाली. पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर सगळे रिपोर्ट बघून सांगितलं, आता सायकल सुरू करा, हळूहळू, सपाट रस्त्यावर. बहरीनमध्ये दुसरं काय असतं? हा सपाट देश जणू हृदयाच्या पेशंटसाठीच अंथरलेला. पण सुनीताने साफ नकार दिला. तिला नवऱ्याच्या हृदयाची धास्ती नव्हती, नवऱ्याच्या कंबरेची होती. स्लिप डिस्कचा पेशंट सायकलवर वाकलेला कंपनीतल्या कोणी पाहिला तर? त्यापेक्षा तुम्ही गॅलरीत चाला, ती म्हणाली. गॅलरी नऊ पावलांची. तीन आठवडे तो तिथे पिंजऱ्यातल्यासारखा फिरला. शेवटी एका गुरुवारी फेऱ्या मोजता मोजता त्याला स्वतःची भयंकर कीव आली, आणि शुक्रवारी सकाळी बूट हातात घेऊन तो निघाला.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पहिली पाच मिनिटं तो स्वतःच्या छातीचे ठोके ऐकत राहिला, दाराशी उभं राहून आतली कुजबुज ऐकावी तसा. काही झालं नाही. मग समुद्र दिसला, वारा तोंडावर आला आणि त्याचे पाय आपोआप फिरायला लागले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच तो पेशंट नव्हता. छातीचाही नव्हता आणि कंबरेचाही. त्याला एकदम रडू आलं. आजूबाजूला कोणी नाही हे पाहून तो थोडा रडलाही. असा सुखाने रडणारा माणूस परत फिरला असता आणि सुनीता उठायच्या आत घरी पोचला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

परतीच्या वाटेवर कोपऱ्यावर खुब्जच्या रोट्या भाजणाऱ्या बेकरीपाशी एक गाडी आडवी आली. गाडीतल्या बहरीनी म्हाताऱ्याने अदबीने हात केला, आधी तुम्ही. शैलेंद्र पुण्याचा असला तरी सज्जन होता. त्याने उलट हात केला, छे छे, आधी तुम्ही. म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवून मान झुकवली, पुन्हा तेच. या आग्रहात शैलेंद्रची सायकल पूर्ण थांबली, आणि सायकल थांबवण्याआधी टाच बाहेर फिरवून बूट पेडलमधून सोडवावा लागतो, हे त्याचे पाय सहा महिन्यांत विसरून गेले होते. तो सायकलसकट, हात तसाच अदबीने पुढे केलेला, एखादं उभं कपाट कलंडावं तसा सावकाश आडवा झाला.

बेकरीच्या रांगेतले चार लोक धावले. त्यांतला गरम रोट्यांची पिशवी घेऊन सगळ्यात पुढे धावलेला माणूस अन्सार होता.

"शैलेंद्रभाऊ, तुम्ही? अहो, कंबर!" अन्सारने रोट्या बाजूला टाकल्या. "हलू नका, अजिबात हलू नका."

शैलेंद्र पडला होता खांद्यावर, आणि पडताक्षणी त्याचे दोन्ही हात सवयीने छातीवर गेले होते. ते त्याने घाईघाईने कंबरेवर आणले. मग वाटलं, कंबर दुखते म्हटलं तर हा डॉक्टरकडे नेईल. म्हणून म्हणाला, कंबर ठणठणीत आहे, काही झालेलं नाही. पण मग मघाशी छाती का धरलीत, अन्सारने विचारलं. छाती पण ठणठणीत आहे, शैलेंद्र म्हणाला. अन्सारने त्याच्या पांढऱ्या पडलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचा एकाही अवयवाबाबत शैलेंद्रवर विश्वास उरला नाही. त्याने सायकल डिकीत कोंबली, शैलेंद्रला पुढच्या सीटवर आडवा केला आणि यल्ला, चला म्हणून गाडी सरळ कंपनीच्या लोकांना बघणाऱ्या दवाखान्यात नेली. शैलेंद्र वाटभर विनवत होता, घरी सोडा, शेकलं की बरं वाटेल. अन्सार म्हणाला, तुम्हाला काही झालं तर मी वहिनींना तोंड कसं दाखवू?

दवाखान्यात कंबरेचा एक्सरे निघाला आणि अन्सारच्या आग्रहावरून छातीचाही. डॉक्टर तरुण होते, केरळचे. त्यांनी दोन्ही फोटो उजेडावर लावले आणि आधी कंबरेकडे बघून खूश झाले. मणके एकाखाली एक शिस्तीत बसलेले, मधली अंतरं पंचविशीतल्या पोराची. स्लिप डिस्क कोणी सांगितली, त्यांनी हिंदीत विचारलं. मग त्यांनी छातीकडे मोर्चा वळवला. तिथे मधल्या हाडावर तारेचे सहा वेढे एका ओळीत लखलखत होते. हाड चिरून पुन्हा जुळवल्यावर घालतात तसे. लेंग्याची नाडी ओवल्यासारखे इतके स्वच्छ दिसत होते, की ते वाचायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती.

अन्सारने जवळ जाऊन ते वेढे बोटाने मोजले.

"कशाला लपवलंत ओ?" तो शेवटी म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणून शैलेंद्रला जास्त लागलं. "मी तुम्हाला कंबरेचं तेल लावायला देत होतो."

रिपोर्ट नियमाप्रमाणे कंपनीत जाणार होता, म्हणजे अन्सारच्याच टेबलावर. शैलेंद्रने बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होता ते दोघांनाही माहीत होतं. अन्सारने मान वळवली. "मला काही सांगू नका, भाऊ. माझीपण तीन पोरं इथल्या शाळेत आहेत." शैलेंद्रने तोंड मिटलं. त्या सकाळी त्याने केलेली ही एकच शहाणपणाची गोष्ट.

घरी सुनीता दारातच उभी होती. ती ओरडली नाही. खांद्याला बर्फ लावला, चहा दिला, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन भांडी अशी घासली, की शनिवार रात्रीपर्यंत घरात दुसरा आवाज आला नाही.

रविवारी सकाळी त्याला जनरल मॅनेजरने बोलावलं. झैद चाळिशीतला बहरीनी, शांत, मोजकं बोलणारा. समोर दोन कागद होते, सांगलीचा आणि दवाखान्याचा. शैलेंद्रने रात्रभर भाषण पाठ केलं होतं. हृदय आता उत्तम आहे, डॉक्टरांनी व्यायामाला परवानगी दिली आहे, कामात कुठेही कमी पडणार नाही. झैदने ते सगळं ऐकून घेतलं. मग सांगितलं, की त्याच्या वडिलांची बायपास दोनदा झाली आहे आणि ते अजून होडी घेऊन मासे धरायला जातात. कारखान्यात बायपासवाले तिघे आहेत, तिघांचेही करार नवे झालेत. हृदयासाठी कंपनीकडे वेगळी रजा आहे, हलकं काम आहे. फक्त सांगावं लागतं. शैलेंद्रला ऐकता ऐकता हलकं वाटायला लागलं. इतकं हलकं, की कंबरेचा पट्टा आता सोडता येईल असा विचारही त्याच्या मनात येऊन गेला.

"गेल्या वर्षी एका क्रेनवाल्याला तुम्ही काढायला लावलंत," झैद म्हणाला. "न तपासता तपासणीच्या कागदावर टिक केली म्हणून. ते पत्र तुम्हीच लिहिलंत. क्रेनला काही झालं नव्हतं."

शैलेंद्रला ते पत्र शब्द न् शब्द आठवत होतं. चांगलं उतरलं होतं. सुनीतालाही वाचून दाखवलं होतं त्याने.

"तुमच्या सहीवर माणसं भट्टीजवळ जातात," झैद म्हणाला, आणि दोन्ही कागद फायलीत ठेवले. करार नवा होणार नव्हता. त्यात हृदयाचा काही दोष नव्हता, हे मात्र झैदने निघताना पुन्हा एकदा आवर्जून सांगितलं.

बातमी मंडळात पसरायला दोन दिवस लागले. विवेक स्वतः भेटायला आला, सोबत सफरचंदं घेऊन. आपल्या सल्ल्याचा त्याने उल्लेख केला नाही. उलट नवा दिला. कंपनीने काढलं असं कोणाला म्हणू नका, पुढे कुठे अर्ज करायचा झाला तर आड येईल. हार्टमुळे आपणहून सोडली असं सांगा, हार्टचं नाव काढलं की लोक पुढे विचारत नाहीत. शैलेंद्रने सफरचंदं हळूच त्याच्याकडे परत सरकवली. पण सुनीताने मान डोलावली, आणि त्या दिवसापासून बेटभर, हूरापासून हिद्दपर्यंत, सगळ्यांना तीच सांगू लागली, की ह्यांच्या हृदयाला आता झेपत नाही. ज्या हृदयाचं नाव सहा महिने घरात दबक्या आवाजात घेतलं जायचं, त्याची विचारपूस करायला आता रोज माणसं येऊ लागली. डोळ्यांत पाणी आणून शैलेंद्रचा हात हातात घेऊ लागली. शैलेंद्र रोज सकाळी उजळ माथ्याने दोन तास सायकल चालवायचा. त्याचं वजन उतरलं, रक्तदाब उतरला. पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर शाबासकी दिली आणि विचारलं, कामाचा ताण कमी केलेला दिसतोय?

कश्मिराला परीक्षा मार्चमध्ये पुण्याच्या केंद्रावर देता यावी, म्हणून शाळेत अर्ज करायचा होता. वैद्यकीय कारण असेल तर विचार करू, असं शाळेने सांगितलं होतं. जेवणाच्या टेबलावर कश्मिरा अर्ज भरत बसली. या सगळ्या प्रकारात ती एक अक्षर बोललेली नव्हती. मैत्रिणींना काय सांगायचं ते मे महिन्यात एकदा आणि आता एकदा, असं दोनदा तिला आईने पढवलं होतं, आणि दोन्ही वेळा तिने ओके म्हटलं होतं.

"कारण काय लिहू?" असं तिने विचारलं नाही. तिने स्वतःच लिहिलं, वडिलांची तब्येत. मग पान उलटलं.

"बाबा, दे वॉन्ट अ मेडिकल सर्टिफिकेट."

"आहे ना," शैलेंद्र म्हणाला आणि फाईल आणायला उठला.

"ओके," कश्मिरा म्हणाली. "विच वन?"

तिने टोमणा मारला असता तर शैलेंद्रला बरं वाटलं असतं. पण ती पेन उघडं धरून बसली होती आणि खरोखरच विचारत होती.