यकृताच्या तुकड्याचे तुलनात्मक परीक्षण

कारभारी नावाचा कामगार गलोंडा गावातल्या प्लास्टिक कारखान्यात मशीन चालवायचा. दीड महिना त्याचे डोळे पिवळे होते. यकृताचा छोटासा तुकडा काढून तपासल्याशिवाय आजार कळणार नाही, असं सिल्वासातल्या आमच्या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी एकमताने सांगितलं. एकमत तिथेच संपलं.

मेडिसिनवाले म्हणाले, बरगड्यांमधून सुई घालू. रेडिओलॉजीवाले म्हणाले, मानेच्या शिरेतून जाऊ. सर्जन म्हणाले, दुर्बिणीने पाहूनच काढू. तेव्हा अधीक्षक अलका मॅडमनी तिन्ही पद्धतींच्या तुलनेसाठी समिती नेमली आणि मला तिचा सचिव केलं. मी कारकून. यकृत कोणत्या बाजूला असतं, हे मला पहिल्या बैठकीत कळलं.

तुलना न्याय्य हवी, म्हणून कारभारीवर तिन्ही पद्धती वापरायचं ठरलं. त्यावर हरकत आली की दुसऱ्या पद्धतीच्या वाट्याला आधीच टोचलेलं यकृत येईल, हा तिच्यावर अन्याय आहे. मग तंतोतंत तसंच यकृत असलेले आणखी दोन रुग्ण शोधायला राखोलीपर्यंतच्या कारखान्यांना पत्रं गेली. अकरा पिवळे कामगार आले. पण त्यांची यकृतं सारखी आहेत की नाहीत, हे तुकडा काढल्याशिवाय कळेना. आणि पद्धत ठरल्याशिवाय तुकडा काढता येईना. अकराही जणांना दाखल करून घेतलं.

समितीच्या पाचव्या आठवड्यात कारभारीची बायको बायडाबाई माझ्या टेबलाशी आली. नवरा आता भाकरी चावतानाही दमतो, असं तिने सांगितलं. मी तिच्यापुढे तुलनेचा तक्ता ठेवला.

"भाऊ, यात सगळ्यात कमी दुखतं ते कोणतं?"

तो रकाना नव्हता. पुढच्या बैठकीत मांडतो, म्हणालो.

"बैठक कधी?"

"मॅडम परिषदेहून आल्या की. याच विषयावर परिषद आहे."

दुसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला एसटीने नाशिकला नेलं. तिथे वीस मिनिटांत तुकडा निघाला. कोणत्या पद्धतीने काढला, असं तिने मुद्दाम विचारलं, तर तिथला डॉक्टर म्हणाला, "मला येते त्या." मी नोंद केली : रुग्ण तुलनेस सहकार्य न करता निघून गेला.

अहवाल दोनशे चौदा पानांचा झाला. शाल-श्रीफळ देऊन समितीचा सत्कारही झाला. अकरा जणांना पुढील अभ्यासासाठी राखून ठेवलं आहे. तेव्हापासून भेटेल तो मला विचारतो, मग शेवटी चांगली पद्धत कोणती ठरली? तुमच्याही मनात तेच असेल. पान एकशे नव्वद पाहावं.

काल बायडाबाईचा फोन आला होता. कारभारी कसा आहे, हे मला माहीत आहे. अजून कोणी विचारलेलं नाही.