सदोबा भेकराचा ब्राऊन बेल्ट

एका जंगलात, म्हणजे आपल्या नेहमीच्याच जंगलात, जिथे सगळे प्राणी बोलतात आणि कुणी कुणाचं ऐकत नाही, तिथे सदोबा नावाचं एक भेकर राहत होतं. भेकर म्हणजे काय ते माहीत आहे ना? हरणाच्याच जातीतलं, पण चणीनं लहान. संकट दिसलं की कुत्र्यासारखं भुंकतं आणि धूम ठोकतं. देवानं त्याला या दोनच विद्या दिल्या. त्या दोन विद्यांवर भेकरांच्या शंभर पिढ्या जगल्या आणि नातवंडं खेळवून मेल्या. तेव्हा हसायचं कारण नाही. मागच्या रांगेतल्यांनी तर मुळीच नाही.

भेकरांच्या हिशेबानं सदोबा चाळिशीच्या पुढे गेला होता. पोट जरा सुटलं होतं. त्याच्या बायकोचं नाव गोदा. ती कामापुरतं बोलायची.

एका दुपारी दोघं तळ्यावर पाणी प्यायला गेली होती. झुडपातून लांडगा निघाला. सदोबा एकदा भुंकला आणि पायाला पाय लावून पळाला, तो थेट घरात. घरात आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की गोदा बरोबर नाही.

त्या अर्ध्या तासात त्याच्या जिवाचं काय झालं, ते मी सांगत बसत नाही. घरी जाऊन तुमच्या वडलांना विचारा. जत्रेत कधी तुमचा हात त्यांच्या हातातून सुटला असेल, तर ते सांगतील.

अर्ध्या तासानं गोदा आली. दुसऱ्या वाटेनं, करवंदीच्या जाळ्यांतून. अंगावर चार ओरखडे होते.

"अगं, मला वाटलं, तू मागेच आहेस," सदोबा म्हणाला.

"मागेच होते की," गोदा म्हणाली, आणि चरायला लागली.

तिच्या मनात काही नव्हतं हो. पण ते शब्द सदोबाच्या काळजात रुतले. त्या दिवसापासून त्याला कोवळी पानंही गोड लागेनात. त्यानं मनाशी ठरवलं, की पुन्हा लांडगा आला तर गोदाला टाकून पळायचं नाही. जीव गेला तरी बेहत्तर.

आता निश्चय चांगलाच होता. पण चांगल्या निश्चयाचं पुढे काय करायचं, हे मोठ्यांना कळत नाही. मग ते क्लास लावतात.

क्लास भरायचा मोहाच्या झाडाखाली. शिकवायला हुप्पे सर. सर जातीनं वानर. ते कुठल्याशा लांबच्या डोंगरावर जाऊन कराटे शिकून आले होते. किती शिकले ते कुणाला माहीत नव्हतं, कारण तो डोंगर कुणी पाहिलेला नव्हता. प्रौढांसाठी त्यांच्या दोन बॅचेस होत्या, एक सकाळची आणि एक संध्याकाळची. दोन्ही बॅचेसची एकमेकींशी गाठ पडणार नाही, याची सर फार काळजी घेत. का, ते सदोबानं कधी विचारलं नाही. तो सकाळच्या बॅचला जायचा.

पहिला धडा होता पाय रोवण्याचा. सर मागून येऊन टाळी वाजवत. टाळी वाजली की सदोबा नदीपर्यंत पळून जायचा आणि मान खाली घालून परत यायचा.

"सदोबा, पळणं ही नुसती सवय आहे," सर म्हणायचे. "सवय मोडता येते."

आणि खरंच मोडली. आठ महिने लागले, पण मोडली. एके सकाळी सरांनी टाळी वाजवली आणि सदोबा जागचा हलला नाही. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पळसाच्या फुलांत रंगवलेल्या सालीचा यलो बेल्ट त्यांनी स्वतःच्या हातांनी त्याच्या कमरेला बांधला. शंभर पिढ्यांची कमाई आठ महिन्यांत घालवायची, हे काय सोपं काम आहे?

सदोबाचा जोडीदार होता वामन साळिंदर. त्याचे काटे वेलीनं आवळून बांधलेले असायचे, कारण आत्मसंरक्षणाच्या क्लासमध्ये कुणाला लागायला नको. वामन समोर येऊन वाकून नमस्कार करायचा आणि सांगायचा, "सदोबा, आता मी उजव्या पायानं तुमच्या छातीवर मारणार. तयार?"

"तयार."

वामन मारायचा आणि पाय तसाच हवेत धरून थांबायचा. मग सदोबा तो पाय बाजूला सारायचा, डावीकडे वळायचा आणि खांद्यानं हलकेच ढकलायचा. वामन धप्पकन पडायचा. मग आळीपाळीनं उलट.

एकदा वामन पडलाच नाही.

"वामनराव, पडा की," सदोबा म्हणाला.

"पोटरीत गोळा आलाय हो. आज जरा समजून घ्या."

"काल मी तुमच्यासाठी तीनदा पडलो होतो."

"ते मात्र खरं," असं म्हणून वामन बिचारा आडवा झाला. असा सगळा सभ्य कारभार होता.

सदोबाचं अंग दुखायचं. गुडघे कुरकुरायचे. गोदा त्याच्या कमरेला करंजाचं तेल चोळायची. चोळता चोळता तिनं एकदा विचारलं, "अहो, तो लांडगा असा सांगून येणार आहे का? उजव्या पायानं मारतो म्हणून?"

"हल्ल्याची एक पद्धत असते, गोदा."

"ती त्याला माहीत आहे का?"

सदोबा नुसता हसला. क्लास लावलेली माणसं क्लास न लावलेल्यांकडे बघून हसतात ना, तसा. तुमचा मामा बघा कसा हसतो.

तीन वर्षं गेली. सदोबानं वाळवी लागलेली काठी एका फटक्यात मोडून दाखवली आणि खैराच्या रंगाचा ब्राऊन बेल्ट मिळवला. तो बेल्ट तो चरायला जातानाही काढत नसे.

चौथ्या उन्हाळ्यात जंगलातले सगळे पाणवठे आटले. उरलं ते एक तळं. गोदा तेव्हा पोटुशी होती, अगदी दिवस भरत आलेली. तिला चालवत नव्हतं, मग पळायचं कुठून? पण पाणी तर प्यायलाच हवं. उन्हं कलल्यावर दोघं तळ्याकडे निघाली.

आणि झुडपातून लांडगा निघाला. तोच तो.

सदोबाचे पाय रोवलेले राहिले. "गोदा, तू पाणी पिऊन घे," तो म्हणाला. "मी आहे." हे दोन शब्द म्हणायला त्यानं तीन वर्षं वाट पाहिली होती. मग तो पुढे झाला आणि नियमाप्रमाणे वाकून नमस्कार केला.

लांडगा थबकला. त्यानं सदोबाच्या कमरेकडे पाहिलं. मग तोही वाकला.

"सकाळची बॅच का?" लांडग्यानं विचारलं.

"हो. आपण?"

"संध्याकाळची. यशवंत लांडगा. मी अजून ग्रीन बेल्टच आहे. खरं म्हणजे आधी मी वाकायला हवं होतं. चूक झाली."

"असू द्या, असू द्या," सदोबा म्हणाला.

या यशवंताला वेशीवरच्या कुत्र्यांची भीती वाटायची, म्हणून त्यानं क्लास लावला होता. सरांनी त्याला शिकवलं होतं, की चावायचं नाही, मागून झडप घालायची नाही आणि एकाला चौघांनी घेरायचं नाही. लांडग्याकडून या तीन गोष्टी काढून घेतल्या की उरतं काय, ते तुम्हीच सांगा. पण ग्रीन बेल्ट मिळतो.

"मी उजव्या पायानं छातीवर मारतोय," यशवंत म्हणाला.

"तयार."

त्यानं मारलं आणि पाय हवेत धरून थांबला. सदोबानं पाय बाजूला सारला, वळला, ढकललं. यशवंत पडला. मग यशवंतानं सदोबाला पाडलं. तासभर हे चाललं. शेवटी दोघांना धाप लागली. दोघं मिळून पाणी प्याले, सरांच्या शिस्तीबद्दल आणि स्वतःच्या गुडघ्यांबद्दल चार शब्द बोलले, आणि वाकून निरोप घेतला.

गोदा पाणी पिऊन काठावर उभी होती. लांडगा भेटल्यावर सदोबा आयुष्यात पहिल्यांदाच तळ्यावरून घरी चालत गेला. छाती अशी काढलेली, की ब्राऊन बेल्ट आवळायला लागला.

"बघितलंस?" त्यानं विचारलं.

"बघितलं," गोदा म्हणाली. "त्याचं पोट फार गुरगुरत होतं."

तिकडे यशवंत घरी पोचला. घरी त्याची म्हातारी आई होती. तोंडात चार दात, एका डोळ्यानं अधू. कुठल्याही बॅचमध्ये तिचं नाव नव्हतं.

"काय आणलंस रे?" म्हातारीनं विचारलं.

"आई, आज सराव फार छान झाला."

 दुसऱ्या दिवशी उन्हं कलली तशी म्हातारी स्वतःच उठली.

आज सदोबा पुढे आणि गोदा मागे अशी दोघं तळ्यावर आली. म्हातारी झुडपातून निघाली. सदोबाला भीती अशी वाटलीच नाही. तो दोन पावलं पुढे झाला आणि वाकला.

म्हातारी वाकली नाही. कुठल्या पायानं मारणार, तेही तिनं सांगितलं नाही. वाकल्यामुळे समोर आलेली मान तिला बरी दिसली आणि तिनं सरळ झेप घेतली. गोदानं आपलं जड अंग सगळ्या जोरानिशी सदोबावर लोटलं, म्हणून म्हातारीचे चार दात हवेत मिटले.

"अहो, पळा," गोदा म्हणाली.

सदोबानं पळायचं ठरवलं. पण पाय उचलेनात. तीन वर्षं रोवलेले पाय ते, कसे उचलणार? म्हातारी वळून पुन्हा आली. तेव्हा गोदा भुंकली. भेकरं भुंकतात तशी, पोटातून. त्या आवाजासरशी सदोबाच्या पायांना शंभर पिढ्या आठवल्या आणि ते निघाले.

दहा उड्यांत त्यानं गोदाला मागे टाकलं.

हो, टाकलं. ऐका, मधे बोलू नका. अकराव्या उडीला तो थांबला. मागे गोदा पोट सावरत येत होती आणि तिच्यामागे म्हातारी. सदोबानं गोदाला पुढे जाऊ दिलं आणि आपण मागे राहिला. मग म्हातारीच्या नाकासमोरून आडवा गेला, मोठ्यानं भुंकला आणि उलट्या दिशेला पळाला. लंगडल्यासारखं करून पळाला. म्हातारीला वाटलं, हा सोपा आहे. ती त्याच्यामागे लागली.

त्यानं तिला नाल्यातून नेलं, खडकांवरून नेलं, करवंदीच्या जाळ्यांतून तीनदा फिरवलं. तिसऱ्या फेरीला त्याचा बेल्ट काट्यांत अडकला आणि म्हातारीनं तो दातांत धरला. सदोबानं हिसका दिला. बेल्ट तिच्या तोंडात राहिला आणि सदोबा सुटला. म्हातारी दमून खाली बसली. बेल्ट बराच वेळ चघळला तिनं.

सदोबा घरी आला तेव्हा गोदा दारात उभी होती. तिनं त्याला नीट हुंगलं, कुठे रक्त आहे का ते पाहिलं.

"आज तुम्ही मागे राहिलात," ती म्हणाली.

पण सदोबा तिच्याकडे बघेना. "पळालो गं मी," तो म्हणाला. "परत पळालो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं सगळा प्रकार क्लासमध्ये सांगितला. लपवायचा त्याचा स्वभाव नव्हता.

"वाकला होतात?" हुप्पे सरांनी विचारलं.

"वाकलो होतो, सर."

"ठाम उभे राहिलात?"

"थोडा वेळ."

"आणि मग?"

"पळालो."

सगळ्या बॅचनं माना खाली घातल्या. वामन साळिंदरानं उगाच घसा खाकरला. सरांना फार वाईट वाटलं. पण शिस्त ती शिस्त. सदोबा पुन्हा पांढऱ्या बेल्टच्या रांगेत शेवटी जाऊन उभा राहिला. सर मागून आले आणि त्यांनी टाळी वाजवली. सदोबा हलला नाही, तेव्हा त्याला जरा बरं वाटलं.

सर मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. दोष कुठे आहे, ते त्यांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी तळ्यावर पाटी लावली : 'ज्यांनी प्रवेश घेतलेला नाही, त्यांनी हल्ला करू नये.' शिवाय संध्याकाळच्या बॅचमध्ये एक जागा आहे, असा निरोप म्हातारीला पाठवला. निरोप घेऊन एक ससा गेला होता. ऑरेंज बेल्ट होता त्याच्याकडे. म्हातारीनं निरोप पूर्ण ऐकून घेतला आणि मग सशाला खाल्लं.

पुढे गोदाला पिल्लू झालं. पाचव्या दिवशी ते अंगणात असं सुसाट पळालं, की गोदाला हसूच फुटलं. सदोबा चिंतेत पडला. वेळीच वळण लावलेलं बरं, म्हणून त्यानं पिल्लाचं नाव मुलांच्या बॅचमध्ये घालून टाकलं.

तात्पर्य : संकटात पाय रोवून उभं राहावं, पण समोरचा आपल्याच क्लासचा आहे ना, ते आधी विचारून घ्यावं. नसेल तर पळावं, आपल्या माणसाला वाचवावं, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर जाऊन सरांची माफी मागावी.